तलाठी आला की येणारी देवी

बनाबाईच्या अंगात देवी यायची ती तिथी बघून नाही, तलाठी बघून. तलाठी कागद घेऊन दारात उभा राहिला की बनाबाईचा अंबाडा सुटलाच. वेल्ह्याच्या कचेरीत अंगठा द्यायला जायचं ठरलं की नेमकं निघायच्या वेळी घुमायला सुरुवात. सरकारी सुट्टीला मात्र देवी फिरकायची नाही. हे वेळापत्रक अख्ख्या तांबडवाडीत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण देवीची हजेरी मांडायची असते असं कुणाला वाटत नाही. ते ठाऊक होतं फक्त अम्रीनला, आणि तेही बनाबाईनेच सांगितलं म्हणून.

अम्रीन मुलाणी भोरची. वडील जलालभाई यांचं कापूरहोळला हायवेवर पंक्चरचं दुकान. अम्रीन पुण्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची आणि पीएच.डी. करत होती. विषय असा, की घरी सांगताना दर वेळी नव्याने दम लागायचा: स्त्रीवादी आर्थिक भूगोल. जलालभाईंनी एकदा तिला समोर बसवून विचारलं होतं, "म्हणजे नकाशाच ना?"

"नकाशाच, अब्बा. पण बायका कुठं जातात, कुठं जाऊ देत नाहीत, राबतं कोण आणि जमीन कुणाच्या नावावर, त्याचा."

"हे कळायला नकाशा लागतो?" असं म्हणून ते ट्यूब पाण्यात बुडवायला निघून गेले होते.

बनाबाईने तिला हे सांगितलं ते आदल्या हिवाळ्यात, खळ्यावर नाचणी बडवता बडवता. मधे टेपरेकॉर्डर ठेवलेला. बनाबाईचं माहेर पानशेतच्या धरणाकाठी. वडील गेले, आणि पुण्याच्या लोकांना पाण्याकाठी बंगले हवे झाले. दोन्ही भावांनी जमीन विकायला काढली. बहिणीने हक्कसोड लिहून दिली की काम होणार होतं.

"मग सरळ नाही म्हणा ना," अम्रीन म्हणाली होती.

"ताई, म्या न्हाई म्हनलं तर म्हायेर तुटतं. देवी न्हाई म्हनली तर कुनाचं काय तुटत न्हाई."

"म्हणजे देवी येत नाही?"

"पयल्यांदा आलती. खरी. मंग म्या शिकले." आणि बनाबाई अशी हसली की टेपवरचा आवाजाचा काटा शेवटाला जाऊन थडकला. हसून झाल्यावर तिने तोंडावर पदर धरला. "ह्ये भायेर गेलं तर मला धरून न्हेतील वो. जमीनबी जाईल आन म्हायेरबी."

"हा आवाज माझ्याशिवाय कुणी ऐकणार नाही," अम्रीन म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं होतं. शिवाय नियमही होता. विभागाला परदेशी अनुदान मिळालं आणि त्याच खोक्यातून नीतीही आली. नीतीची समिती झाली, समितीने अटी घातल्या. पहिली अट, बायकांची खरी नावं लिहायची नाहीत. त्यावर मार्गदर्शक केळुसकर मॅडम म्हणाल्या की आपणच खोटं नाव देणं हीसुद्धा एक सत्ताच झाली, तेव्हा बाईने स्वतःचं टोपणनाव स्वतः निवडावं.

"तुम्हाला इथं कुणी ओळखणार नाही असं एखादं नाव सांगा," अम्रीनने विचारलं होतं.

बनाबाईने नाचणीवरचा हातही थांबवला नाही. "सुलक्षणा घाला. ते आता कुनी वापरत न्हाई."

बाकीच्या बायकांनीही नावं अशीच पटापट सांगितली, जशी काही ओठांवर तयारच होती. अम्रीनला ते आपल्या पद्धतीचं यश वाटलं. मॅडमनी तर त्यावर दिल्लीला एक निबंधही वाचला.

आता गोष्ट सव्वीस जानेवारीची. प्रबंध होत आला होता. समितीची शेवटची अट राहिली होती: निष्कर्ष गावाला वाचून दाखवायचे. झेंडावंदनाला गाव जमलेलं असतंच, म्हणून मॅडमनी तोच दिवस धरला. जेवणाची ऑर्डरही त्यांनीच दिली, पानशेतच्या एका हॉटेलला, कारण कधीतरी तिथलं पिठलं त्यांना आवडलं होतं.

पाबे घाट उतरून टेम्पो आला तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या पडल्या होत्या. टेम्पोतून पांढऱ्या शर्टातला एक आडवा माणूस उतरला. सरपंच चिमाजी लगबगीने पुढे गेले. "या, या, मानसिंगराव! गर्दीच्या दिवशी हाटेल सोडून तुमी सोता?"

"बायकोवर टाकून आलो. म्हनलं भैनीचं गाव, भैनीलाबी भेटनं हुईल." मग त्याने बायकांच्या बाजूला बघून हाक मारली, "सुलक्षणे! पत्रावळ्या उतरव गं."

आणि बनाबाई उठली.

अम्रीनच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला. तिच्या घरात लग्नात नाव बदलत नाही. आई सुगरा, ती निकाहाआधीही सुगरा आणि नंतरही सुगरा. शाळेतल्या मैत्रिणींची नावं तांदळाच्या ताटात बदलताना तिने पाहिली होती, पेढेही खाल्ले होते, पण खळ्यावर त्या दिवशी डोकं तिकडे गेलंच नव्हतं. इथं कुणी ओळखणार नाही असं नाव. बायकांनी प्रश्नाचं अगदी बिनचूक उत्तर दिलं होतं. प्रत्येकीने माहेरचं नाव दिलं होतं. तांबडवाडीतल्या एकाही पुरुषाला ती नावं आठवत नव्हती. धोका होता तो बाहेरच्या एका माणसाचा, आणि त्याला चिमाजींनी आत्ताच प्रमुख पाहुणा केलं होतं. टेम्पो घेऊन आलेल्या माणसाला खाली कसं बसवायचं?

मॅडम कागद लावत होत्या. अम्रीन त्यांच्या कानाशी वाकली. "मॅडम, सुलक्षणाची केस वगळू या."

"का? ती तर प्रबंधाचा कणा आहे."

"लोक ओळखतील."

"कसे ओळखतील? नावं बदलली आहेत ना?"

"बदललीत म्हणूनच."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "ऊन लागलंय का तुला?"

कारण सांगावं तर बनाबाई कोण ते मॅडमना सांगावं लागणार. न सांगावं तर मॅडम वाचणार. "मग मी वाचते," अम्रीन म्हणाली.

"संशोधकाने स्वतः वाचायचं नाही, असं समितीचंच आहे. तू चेहऱ्यांवरच्या प्रतिक्रिया टिपून घे."

अम्रीनने शेवटचं म्हणून चिमाजींना गाठलं. "आधी जेवून घेऊ या का? पिठलं निवेल."

"निवनार न्हाई," मानसिंग खुर्चीतून म्हणाला. "डबल झाकन हाय."

मॅडमनी वाचायला घेतलं. आवाज चांगला होता, व्हरांडाभर पोचणारा. पहिली केस 'रतन'. पुरुष माना डोलावत ऐकत होते, कुणाची तरी कुठली तरी बाई म्हणून. बायकांच्या बाजूला मात्र म्हाताऱ्या फुलाबाईची पाठ एकदम ताठ झाली. पन्नासेक वर्षांत तिला त्या नावाने कुणी हाक मारली नसेल. ती इकडे तिकडे बघू लागली, हाक कुठून आली ते. दुसरं नाव आलं, आणखी एक मान खाली गेली. बनाबाई खांबाला टेकून बसली होती. तिने अम्रीनकडे बघितलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता, तिला सगळं कळलं होतं. अम्रीनच्या वहीत प्रतिक्रियांखाली एक आडवी रेघ उमटली आणि तीही वाकडी.

"सुलक्षणा," मॅडमनी वाचलं. "माहेर धरणाकाठचं. वडिलांच्या पश्चात भावांनी जमीन विकायला काढली."

मानसिंग पाय हलवत होता. पाय थांबला.

"सुलक्षणा सांगते: तलाठी आला की मी अंगात आणते. खरी देवी एकदाच आली होती." मॅडमनी इथे मुद्दाम थोडं थांबून घेतलं. दिल्लीतही त्या इथेच थांबल्या होत्या.

मानसिंगची मान सावकाश बायकांच्या बाजूला वळायला लागली. माणसाची मान अख्खी वळायला किती वेळ लागणार? तेवढ्या वेळात अम्रीन उभी राहिली.

"हे खोटं आहे."

मॅडम चष्म्यावरून बघायला लागल्या. "काय खोटं आहे?"

"ही केस. अशी कुणी बाई नाही. केसेस कमी पडत होत्या, म्हणून मी तयार केली."

संशोधनाच्या धंद्यात चोरी चालून जाते. पकडली गेली तर तळटीप टाकता येते. घडवलेल्या मुलाखतीला तळटीप नाही. मॅडमच्या हातातला कागद हळूहळू मांडीवर आला. चिमाजींना नक्की काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी मोडल्याचा आवाज त्यांनाही आला असावा, कारण ते उगीच खुर्चीखाली बघायला लागले.

मानसिंगला मात्र कळलं होतं. "घडिवली? मंग नाव आमच्या भैनीचं कसं?"

"तुमच्या हॉटेलात जेवले होते मी एकदा. तुम्ही फोनवर कुणाला तरी सांगत होता, सुलक्षणाला निरोप द्या म्हणून. नाव आवडलं." अम्रीन त्या हॉटेलात आयुष्यात गेली नव्हती.

"आन जमिनीचं?"

"धरणाकाठी जमीन कोण विकत नाही?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मानसिंग हसला नाही. तो उठून उभा राहिला. "आन अंगात आनायचं? त्येबी फोनवर बोल्लो म्या?"

अम्रीनने वही मिटली. "ते मलेशियाचं आहे."

"कुठलं?"

"मलेशिया. तिकडं कारखान्यातल्या बायकांच्या अंगात येतं, काम बंद पडतं. पुस्तकात वाचलं होतं. ते इथं आणून जोडलं."

चिमाजींनी घसा साफ केला. "तिकडंबी हाय आपली देवी?"

"तिकडं भुतं असतात."

"हां, मंग बराबर," चिमाजी समाधानाने म्हणाले. "देवी कशाला जाईल येवढ्या लांब."

पण मानसिंगचं तेवढ्याने भागणार नव्हतं. तो बायकांच्या बाजूला दोन पावलं गेला. "सुलक्षणे, हिकडं बघ. ह्या बाईला तू कदी भेटलीवतीस?"

बनाबाई उठली. खांबावरचा हात तिने काढला नव्हता. अम्रीनला वाटलं, आता ही रडणार, आणि रडली की संपलं.

"भेटले की," बनाबाई म्हणाली. "नाचनीचं पीक किती हुतं इचारत हुती. म्या तिला पानी दिलं. गूळ दिला." मग तिचा आवाज एकाएकी वर गेला. "आन ही भवानी माज्या नावानं आसलं ल्हिती? देवीला खोटी म्हनती? शिकल्याली हायस ना? का नुसतीच पोथ्या वाहती गं? जीभ कशी झडली न्हाई तुजी?"

ती बोलतच सुटली. तिने अम्रीनचं शिक्षण काढलं, टेपरेकॉर्डर काढला, पर्सही काढली. अम्रीन खाली बघून ऐकत राहिली. ही बाई आपलं खोटं सावरून घेतेय की खरंच शिव्या देतेय, हे तिला कळेना. शिव्या द्यायला बनाबाईकडे चांगलं सबळ कारण होतं. तेवढ्यात शिव्यांमधले शब्द तुटायला लागले, श्वास मोठा झाला, आणि अंबाडा सुटला.

तलाठी नव्हता. कचेरीला सुट्टी होती. तरी देवी आली.

बायका बाजूला सरकल्या. बनाबाई घुमत घुमत व्हरांड्याच्या मधोमध आली, केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले. "माज्यावर आळ घेती," तिच्या घशातून जाड आवाज आला. "कोन हाय ती? म्होरं आना तिला."

चिमाजींनी हात जोडले. "आई, लेकरू हाय. चुकलं तिचं." आणि मागे वळून कुजबुजले, "आरं, नारळ बघा, नारळ!" झेंड्यासाठी आणलेल्यातला एक नारळ उरला होता. तो अम्रीनच्या हातात आला. अम्रीनने आजवर नारळ फोडला होता तो चटणीसाठी. ती मोकळ्या केसांसमोर जाऊन उभी राहिली. जिचं गुपित तिने राखलं, तिच्याच समोर तिला खोटा आळ घेतल्याची माफी मागायची होती. वर ही माफी कुठल्या देवीची, खरीची की शिकलेलीची, तेही कळायला मार्ग नव्हता.

"चुकले," अम्रीन म्हणाली आणि पायरीवर नारळ आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्याला फुटला.

देवीने पाण्याकडे बघितलंही नाही. ती मानसिंगकडे वळली होती. "आन तू?"

"म्या काय केलं, आई?"

"कशापायी आलास आज? पिठलं घिऊन?"

मानसिंगचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. खिशात घडी घातलेला जाड स्टँपपेपर होता, तो पांढऱ्या शर्टातून बाहेर बसलेल्यांनाही दिसत होता.

"माज्या लेकीला उंबऱ्याभायेर वढशील," देवी म्हणाली, "तर धरनाच्या पान्याला सांगून ठेवंन. पयल्यांदा तुजंच हाटेल."

"न्हाई आई," मानसिंग गुडघ्यावर बसला. "न्हाई वढनार. तू म्हनशील तवाच."

बनाबाई धाडकन आडवी झाली. बायकांनी पाणी मारलं. चिमाजींनी पत्रावळ्या मांडायला सांगितल्या, आणि झाकणं निघाल्यावर पिठलं खरोखरच गरम निघालं.

हात धुवायच्या दगडापाशी बनाबाई अम्रीनच्या शेजारी येऊन वाकली. केस अजून ओले होते. तांब्यातून पाणी ओतता ओतता म्हणाली, "ताई, लई वंगाळ बोल्ले का वो?"

"नाही."

"बोल्ले आसंन तर ते देवीचं समजा." मग तांब्या खाली ठेवून म्हणाली, "तुमच्यावर काय येनार न्हाई न्हवं?"

"काही नाही," अम्रीन म्हणाली. आजच्या दिवसात तिला खोटं बोलायचा चांगलाच सराव झाला होता.

एसटी निघून गेली होती, म्हणून मानसिंगने हायवेच्या फाट्यापर्यंत टेम्पो दिला. चालवायला त्याच्याबरोबर आलेला धाकटा भाऊ बंडू. पुढे तिघं, मागे रिकामी पातेली. नसरापूर आलं तसा मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "टेप असेलच तुझ्याकडे."

अम्रीनने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"उद्या घेऊन ये. समिती ऐकेल, पाच मिनिटांत सिद्ध होईल की बाई खरी आहे. गावात काय बोललीस ते गावापुरतं."

मागची पातेली वाजायची थांबली. टेम्पोचा वेग अगदी उतरला होता. बंडू समोर बघत होता, पण त्याचा कान गाडीच्या मधोमध येऊन बसल्यासारखा दिसत होता.

"केसच नाही तर टेप कुठली, मॅडम," अम्रीन म्हणाली. पातेली पुन्हा वाजू लागली.

फाट्यावर टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत मॅडम थांबल्या. "आता तो नाही. आता बोल."

अम्रीनच्या तोंडात वाक्य आलं होतं. टेप पर्समध्येच होती, खोलीवर अम्रीन ती कधी ठेवायची नाही. एक शब्द बोलायचा होता आणि सात वर्षांचं काम परत मिळणार होतं.

"समितीत सगळी जबाबदार माणसं आहेत," मॅडम समजावत म्हणाल्या. "शिरवळकर सरांना तर त्या भागाबद्दल आस्थाच आहे. धरणाकाठी बंगल्याला जागा बघतायत ते, तिथल्याच कुणा हॉटेलवाल्याची."

वाक्य परत आत गेलं. "टेप नाही, मॅडम."

पुण्याची एसटी येताना दिसली. मॅडमनी पर्स काखेत घट्ट केली. "मला तुझं खरं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "आणि ते मला लिहिता येणार नाही. मला तू सगळ्यांसमोर जे बोललीस तेच लिहावं लागेल."

"लिहा."

"तुला पुढं शिकवायलासुद्धा ठेवणार नाहीत, कळतंय का?"

"हो," अम्रीन म्हणाली. मॅडम पायरी चढल्या आणि खिडकीतून तिच्याकडे बघत राहिल्या, गाडी सुटेपर्यंत.

ती जीपमध्ये बसून कापूरहोळला उतरली. जलालभाई ट्रकच्या टायरशी झोंबत होते. अम्रीन बाकावर बसली, टेपरेकॉर्डर काढला, बनाबाईची कॅसेट आत सरकवली आणि लाल बटण दाबलं. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता.

"काय टेप करतेस?" जलालभाईंनी विचारलं.

"हवा."

"आता हवेवर पीएच.डी.?" असं म्हणून ते टायरकडे वळले. कॅसेटची चाकं फिरत राहिली. खळं, नाचणी, ते हसणं, एकेक करत धडधडीखाली जात होतं. अम्रीन चाकांकडे बघत बसली. ट्रक निघून गेला, जलालभाईंनी हात पुसले आणि कॉम्प्रेसर बंद केला.

"अब्बा, बंद नका करू."

"गिऱ्हाईक नाही."

"असू दे. नुसती शांतता भरली तर मागचा आवाज पुसट ऐकू येतो. पुसायचंय पूर्ण."

जलालभाईंनी तिच्याकडे बघितलं, मग फिरणाऱ्या चाकांकडे. त्यांनी कॉम्प्रेसर सुरू केला, कोपऱ्यातली एक जुनी ट्यूब ओढून घेतली आणि तिच्यात हवा भरत बसले. भरायची, सोडायची, परत भरायची.